स्नायूतला तिसरा तंतू: वजन खाली आणताना जास्त जोर कुठून येतो?

फिजिओ_सातरस्ता

तालमीत मेहनत करणाऱ्याला, सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी धरणाऱ्याला आणि कोजागिरीला सोलापूरहून चालत तुळजापूरला जाणाऱ्याला एक गोष्ट अंगानं माहीत असते. जे वजन वर नेताना हात थरथरतात, त्याहून बरंच जास्त वजन आपण सावकाश खाली आणू शकतो. खाली आणताना धापही कमी लागते. मात्र दुसऱ्या दिवशी दुखतं ते उतरणीनंच. असं का होतं, याचं उत्तर कॉलेजात शिकवतात त्या चित्रात पूर्ण मिळत नाही. मी रोज लोकांचे स्नायू हाताळतो आणि हा विषय माझ्या फार जवळचा आहे, म्हणून हा धागा.

आधी ते नेहमीचं चित्र. स्नायूच्या पेशीत सार्कोमियर नावाची बारीक एककं एकापुढे एक जोडलेली असतात. माणसात एकाची लांबी साधारण अडीच-पावणेतीन मायक्रोमीटर असताना स्नायू सगळ्यात जास्त जोर लावतो. मध्ये मायोसिनचे जाड तंतू आणि दोन्ही टोकांच्या झेड-रेषांपासून आत येणारे अ‍ॅक्टिनचे पातळ तंतू. मायोसिनची डोकी अ‍ॅक्टिनला धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा धरतात. प्रत्येक फेरीला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च होतो. हे तंतू आखडत नाहीत, एकमेकांवरून सरकतात, हे १९५४ साली 'नेचर'च्या एकाच अंकात दोन स्वतंत्र जोड्यांनी मांडलं: अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगर्के, आणि ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन. (दोन्ही हक्सलींचं नातं नव्हतं.) १९६६ साली गॉर्डन, हक्सली आणि ज्युलियन यांनी दाखवलं की दोन तंतू एकमेकांवर जितके जास्त येतात, म्हणजे जितकी जास्त डोकी धरू शकतात, तितका जोर जास्त. फार देखणं काम आहे ते, आणि आजही बरोबर आहे.

पण त्याआधीच, १९५२ साली, अ‍ॅबट आणि ऑबेर यांनी एक निरीक्षण छापलं होतं जे या चित्रात बसत नाही. चेतवलेला, म्हणजे जोर लावत असलेला स्नायू ताणला आणि नव्या लांबीला स्थिर धरला, तर त्याचा जोर त्याच लांबीला थेट चेतवलेल्या स्नायूपेक्षा जास्त राहतो. ताणताना जास्त असतो ते समजू शकतं. पण ताणणं थांबल्यावरही, स्नायू चेतलेला आहे तोवर, तो वाढीव जोर टिकून राहतो. लांबी तीच, तंतू एकमेकांवर आलेले तेवढेच. मग जास्तीचा जोर कोण लावतंय?

त्याच वर्षी अ‍ॅबट, ब्रेंडा बिगलँड आणि मर्डॉक रिची यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीनं जोडल्या. एकानं पुढे पेडल मारायचं, दुसऱ्यानं उलटं फिरू पाहणाऱ्या पेडलला विरोध करायचा. दोघांच्या पायावरचं बल सारखं, वेग सारखा. तरी विरोध करणाऱ्याला लागणारा प्राणवायू कित्येक पटींनी कमी, आणि पेडलचा वेग वाढवला की हा फरक आणखी रुंदावत गेला. रॉयल सोसायटीत त्याचं प्रात्यक्षिक झालं तेव्हा बिगलँडबाईंनी नुसता विरोध करून त्यांच्याहून धिप्पाड पुरुषाला दमवलं.

आता तिसरा तंतू. १९७०च्या दशकात जपानमध्ये कोशाक मारुयामा यांनी स्नायूत एक लवचीक प्रथिन असल्याचं दाखवलं आणि त्याला कनेक्टिन म्हटलं. १९७९ साली अमेरिकेत क्वान वांग आणि सहकाऱ्यांनी त्याच प्रचंड रेणूचं वर्णन टायटिन या नावानं केलं, आणि तेच नाव रुळलं. प्रचंड हा शब्द मी जपून वापरतोय. हिमोग्लोबिनच्या चारही साखळ्या मिळून ५७४ अमिनो आम्लं होतात. टायटिनच्या एका साखळीत ३४,०००च्या आसपास. माणसाच्या शरीरातलं हे सगळ्यात मोठं प्रथिन. एकच रेणू झेड-रेषेपासून सार्कोमियरच्या मध्यापर्यंत, म्हणजे एक मायक्रोमीटरहून लांब पसरलेला असतो. त्याचा आतला भाग जाड तंतूला घट्ट बांधलेला, बाहेरचा भाग मोकळा. हा मोकळा भाग म्हणजे स्प्रिंग.

ही स्प्रिंग एकजिनसी नाही. एका भागात इम्युनोग्लोब्युलिन पद्धतीच्या घड्या माळेसारख्या ओवलेल्या आहेत. थोडं ताणलं की आधी ही माळ सरळ होते, त्यात फारसं बल लागत नाही. पुढे पीईव्हीके नावाचा भाग उलगडतो (प्रोलिन, ग्लुटामेट, व्हॅलिन, लायसिन या चार अमिनो आम्लांच्या खुणेच्या अक्षरांवरून नाव), आणि तिथून पुढे प्रतिकार झपाट्यानं वाढतो. निवांत पडलेला स्नायू कुणी ओढला तर जो ताठरपणा जाणवतो, त्यातला पेशीच्या आतला मुख्य वाटा टायटिनचा.

इथवर वाद नाही. खरा प्रश्न पुढे आहे: स्नायू चेतला की ही स्प्रिंग तशीच राहते, की तीही कडक होते? गेल्या पंधरा-वीस वर्षांतलं बरंच काम सांगतं की ती कडक होते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण यामुळे व्यायामाच्या 'खाली येण्याच्या' अर्ध्या भागाकडे बघण्याची दृष्टी बदलते. आपल्याकडे तो भाग लोक वाया घालवतात.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहितो.


लाल_माती

सर, लई चांगलं लिहिलंय. आमच्या वस्तादांचा एकच धोशा असायचा, बैठक मारताना खाली जाताना अंग सोडायचं नाही, आवरत जायचं, आणि वर येताना उसळी घ्यायची. जोर काढताना पण तसंच, छाती खाली आणताना दम धरायचा. आम्ही कारण कधी विचारलं नाही. आता पोरं मोबाईलवर आकडा मोजतात आणि धपाधप खाली पडतात. पोरांना समजावून सांगायला म्हणून दोन गोष्टी विचारतो. खडाखडीत समोरचा मानेवर हात टाकून दाबतो आणि आपण मान न देता हळूहळू खाली जातो, तेव्हा पण हीच स्प्रिंग लागते का? आणि दुसरं, बदाम, दूध, तूप असा खुराक आहे पोरांचा. या टायटिनसाठी वेगळं काही खायला लागतं का? एकजण कोलॅजेनची पावडर आणतोय, महाग हाय.


फिजिओ_सातरस्ता

वस्ताद, मानेचं उदाहरण अगदी नेमकं आहे. मान धरून ठेवणारे मागचे स्नायू तेव्हा चेतलेले असतात आणि समोरच्याच्या दाबानं लांब होत जातात. चेतलेला स्नायू लांब होणं, हीच ती स्थिती. स्थिर धरून किंवा वर ढकलून जेवढा जोर लावता येतो, त्याहून जास्त जोर इथे मिळतो. शरीराबाहेर काढलेल्या स्नायूवर मोजलं तर दीडपटीहूनही जास्त भरतो. जिवंत माणसात मेंदू थोडा हात आखडता घेतो, म्हणून फरक कमी दिसतो, पण दिसतो.

एक नीट सांगायला हवं. हा सगळा जास्तीचा जोर एकट्या टायटिनचा नाही. ताणताना मायोसिनची धरलेली डोकीही जास्त ताणली जातात आणि बल वाढवतात. शिवाय ती ओढून सुटतात तेव्हा त्या सुटण्यासाठी एटीपी लागत नाही. धाप कमी लागण्याचं हे एक मोठं कारण आहे. टायटिन त्यात भर घालतं, आणि स्प्रिंग ताणलेली धरून ठेवायला तिला स्वतःला एटीपी जाळावं लागत नाही. ताणणं थांबल्यावर जो वाढीव जोर उरतो, त्यात टायटिनचा हात ठळक आहे.

खुराकाचं: वेगळं काही नको. खाल्लेलं प्रथिन पोटात सुटं होतं, आणि पेशी त्या अमिनो आम्लांतून आपल्याला हवं ते बनवतात. कोलॅजेन खाल्लं म्हणून स्नायूत टायटिन वाढत नाही. कोलॅजेन पेशीबाहेरचं, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि आवरणांतलं प्रथिन. टायटिन पेशीच्या आतलं. डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे, पुरेशी झोप. पैसे दुधावर घालवा.


पुण्यातला_सोलापूरकर

धागा वाचतोय. मी जीवशास्त्रात पदव्युत्तर शिकतोय आणि आमच्याकडे हा वाद वर्गात झाला होता, म्हणून थोडं आडवं विचारतो. अ‍ॅबट-ऑबेर यांच्या निरीक्षणाचं जुनं स्पष्टीकरण टायटिनशिवायचं आहे. सगळी सार्कोमियर सारखी ताकदवान नसतात. ताणताना कमजोर असतात ती एकदम लांब होतात, ताकदवान असतात ती आखूड राहतात आणि तीच जास्त जोर देतात. मॉर्गन यांनी १९९० साली हे मांडलं. हे पुरेसं का नाही? एका प्रथिनाला सगळं श्रेय देण्याची घाई होतेय असं मला वाटतं.


फिजिओ_सातरस्ता

आडवं विचारा, त्यासाठीच धागा काढलाय.

मॉर्गन यांची कल्पना मला आदरानं घ्यावीशी वाटते, कारण उतरणीनंतर स्नायूला होणाऱ्या इजेचं चित्र ती चांगलं उलगडते. पण वाढीव जोराचं पूर्ण स्पष्टीकरण म्हणून तिला एक अडचण आहे. ती खरी असेल तर एकटंच सार्कोमियर घेतल्यावर परिणाम नाहीसा व्हायला हवा, कारण कमजोर-ताकदवान अशी जोडीच उरत नाही. २०१० साली कॅनडातल्या कॅल्गरी इथे वॉल्टर हर्झोग यांच्या गटानं एकट्या सार्कोमियरवर मोजमाप केलं. वाढीव जोर तिथेही मिळाला.

त्याच वर्षी लेनर्ड आणि हर्झोग यांनी जो प्रयोग छापला तो मला सगळ्यात बोलका वाटतो. सशाच्या स्नायूतले सुटे मायोफायब्रिल (सार्कोमियर एकापुढे एक जोडून झालेले बारीक धागे) त्यांनी इतके ताणले की अ‍ॅक्टिन आणि मायोसिन एकमेकांवर येतच नाहीत. म्हणजे डोक्यांना धरायला काही उरलं नाही. तिथे जे बल मिळेल ते डोक्यांचं नाही. निवांत स्थितीत ताणले तेव्हा एक बल मिळालं. चेतवून ताणले तेव्हा त्याच लांबीला तीन-चार पट. आणि एन्झाइमनं टायटिन तोडून टाकल्यावर बलच नाहीसं झालं. चेतवण्यानं टायटिनमध्ये काहीतरी बदलतं, हे सांगणारा याहून सरळ पुरावा मला माहीत नाही.


पुण्यातला_सोलापूरकर

बरोबर, तो प्रयोग वाचला आहे. पण बदलतं काय? स्नायू चेतताना पेशीत सुटणाऱ्या कॅल्शियमनं पीईव्हीके थोडा कडक होतो हे २००३ साली दाखवलं गेलं, पण तो परिणाम लहान आहे. त्यातून तीन-चार पट निघणार नाही.


भौतिकीचे_सर

मला स्नायूचं फार कळत नाही, पण स्प्रिंगचं कळतं. कडक व्हायला स्प्रिंगचा पदार्थ बदलायलाच हवा असं नाही. दहा सेंटिमीटरची स्प्रिंग दोन सेंटिमीटर ताणली तर एक बल लागेल. तीच स्प्रिंग बरोबर मध्यावर कुणी भिंतीला घट्ट बांधली आणि उरलेल्या पाच सेंटिमीटरला तेच दोन सेंटिमीटर ताणलं, तर हूकच्या नियमानं दुप्पट बल लागतं. मोकळी लांबी एक चतुर्थांश उरली तर चौपट. या टायटिनचा मोकळा भाग स्नायू चेतल्यावर कुठे चिकटत असेल का?


फिजिओ_सातरस्ता

सर, तुम्ही थेट त्या गाठीवरच बोट ठेवलंत. सध्याची सगळ्यात जोरात असलेली कल्पना हीच आहे: चेतल्यावर टायटिनचा मोकळा भाग अ‍ॅक्टिनला चिकटतो आणि स्प्रिंग आखूड होते. चिकटण्याची जागा म्हणून ज्या भागाकडे बोट दाखवलं जातं त्याचं नाव एन२ए. तो घड्यांची माळ आणि पीईव्हीके यांच्या मध्ये बसतो. तो जर अ‍ॅक्टिनला धरला गेला तर सहज सरळ होणारी माळ हिशेबातून बाहेर पडते, आणि सगळा ताण थेट पीईव्हीकेवर येतो. म्हणजे मोकळी लांबी कमी होते, वर जो मऊ भाग होता तोच वगळला जातो.

याला आधार आहे. २०१८ साली नळीतल्या प्रयोगांत दिसलं की कॅल्शियम असताना एन२ए अ‍ॅक्टिनला जास्त घट्ट धरतो. दुसरा आधार उंदरांचा. उंदरांच्या एका जातीत एन२ए भागातला तुकडा जन्मतः गळालेला असतो आणि त्यांना तीव्र स्नायुक्षय होतो. अमेरिकेत किसा निशिकावा यांच्या गटानं या उंदरांचे स्नायू तपासले. चेतवल्यावर जो जास्तीचा ताठरपणा यायला हवा, तो त्यांत फारसा येत नाही. निशिकावा यांनी २०१२ साली एक पाऊल पुढे जाऊन मांडलं की मायोसिनची डोकी अ‍ॅक्टिनला ओढताना थोडं फिरवतात, आणि त्या फिरण्यानं टायटिन अ‍ॅक्टिनभोवती गुंडाळलं जातं. ही मला अजून कल्पनाच वाटते. चिकटण्याचा पुरावा भक्कम होत चाललाय. गुंडाळण्याचा तेवढा नाही.

पुण्यातल्या मित्रांना: 'घाई' हा तुमचा शब्द मी मनावर घेतो. अख्ख्या स्नायूत, जिवंत माणसात, कोणत्या क्षणी किती टायटिन चिकटलं होतं हे बघणं अजून फार अवघड आहे.


टॉवेल_चादर

माझा यंत्रमागाचा धंदा आहे, अक्कलकोट रोडला. एक विचारतो. मागावर ताण्याच्या बीमला मागून दोर आणि वजन लावून ताण ठेवावाच लागतो. ताण ढिला झाला की ताणा नीट उघडत नाही, धोटा अडतो, कापड वाकडं येतं. वजन स्वतः काही विणत नाही, पण त्याच्याशिवाय विणणं होत नाही. टायटिनचं काम असंच आहे का?


फिजिओ_सातरस्ता

काही अंशी हो, आणि मी वर लिहायचा राहिलेला एक मुद्दा तुम्ही आणलात. जाड तंतूच्या दोन्ही बाजूंना टायटिन असतं, प्रत्येक अर्ध्याला साधारण सहा रेणू. दोन्हीकडून सारखी ओढ असल्यामुळे जाड तंतू सार्कोमियरच्या मधोमध राहतो. जोर लावताना एका बाजूची डोकी जरा जास्त ओढतात, तंतू सरकू पाहतो, तेव्हा दुसरीकडचं टायटिन ताणलं जाऊन त्याला मागे आणतं. याशिवाय असंही दिसतंय की स्नायू थोडा ताणलेला असताना टायटिनची ओढ जाड तंतूपर्यंत पोचते आणि त्याची निवांत बसलेली डोकी कामाला तयार होतात. इथवर तुमचं वजन आणि टायटिन जुळतं. पुढे जुळत नाही, कारण तुमचं वजन दिवसभर तेवढंच राहतं आणि ही स्प्रिंग चेतण्याबरोबर कडक-मऊ होते.


जुळे_सोलापूरची_सून

दादा, थोडं घरगुती विचारते. माझ्या दिरांना मोठ्या हृदयाचा आजार आहे, डायलेटेड कार्डिओमायोपथी. बाहेरगावी जनुक तपासणी केली, त्यात टायटिनच्या जनुकात बदल असं लिहिलंय. कुणी नीट सांगितलं नाही. तुमच्या धाग्यात तेच नाव दिसलं म्हणून धस्स झालं. आणि सासूबाईंना जिना उतरताना भीती वाटते, चढताना नाही. या दोन्हींचा काही संबंध आहे का?


फिजिओ_सातरस्ता

ताई, आधी दिरांचं. हो, तेच प्रथिन. हृदयाच्या स्नायूतही टायटिन असतं, आणि दोन ठोक्यांमध्ये हृदय भरताना त्याच्या भिंती किती सैल किंवा ताठ राहतात यात त्याचा मोठा वाटा आहे. २०१२ साली मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात कुटुंबात चालत आलेल्या या आजाराच्या सुमारे २५ टक्के रुग्णांत टायटिन अर्धवट तोडणारे बदल सापडले. म्हणजे दिरांच्या अहवालात जे लिहिलंय ते दुर्मीळ नाही, आणि हृदयविकाराच्या डॉक्टरांना ते ओळखीचं असतं. पण टायटिनच्या जनुकातला प्रत्येक बदल आजाराचा नसतो. जनुक एवढं मोठं आहे की निरोगी माणसांतही त्यात बदल सापडतात. अहवालात तो बदल कुठल्या वर्गात टाकलाय ते डॉक्टरांकडून समजून घ्या. तो आजाराचा ठरो वा न ठरो, दिरांच्या आईवडिलांनी, भावंडांनी आणि मुलांनी ईसीजी आणि इको करून घ्यायचा असतो, त्रास नसला तरी. यात तुमचे यजमानही आले. हे पुढे ढकलू नका.

त्यामुळे सासूबाईंचा इको आधी होऊ दे. व्यायामाचं त्यानंतर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. जिन्याची भीती बहुधा वेगळ्या कारणाची आहे. उतरताना शरीराचं सगळं वजन एका पायाच्या मांडीनं आवरत खाली आणायचं असतं. मांडी कमजोर असेल तर गुडघा सुटेल असं वाटतं. यावरचा व्यायाम सोपा आहे: भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवर, समोर कुणीतरी उभं असताना, शक्य तितकं सावकाश बसायचं. उठताना हातांचा आधार खुशाल घ्यावा. उतरत्या कामात धाप कमी लागते, म्हणून वयस्कर माणसांना हा व्यायाम झेपतो. आठवड्यात दोन-तीन वेळा पुरे. गुडघा सुजलेला असेल तर आधी दाखवा.


जुळे_सोलापूरची_सून

खूप आभार दादा. यजमानांना आणि सासूबाईंना याच आठवड्यात इकोला नेते.


काठीकर_बाळीवेस

मी काठी धरणाऱ्यांपैकी. बाराबंदी अंगात चढली की वेगळाच जोर येतो हे खरं, पण सर, काठी सांभाळणं हे ताकदीपेक्षा तोलाचं काम आहे. ६८ लिंगांच्या वाटेवर वारा असतो, वळणं असतात. काठी एकीकडे कलली की विचार करायला वेळच नसतो, अंग आपोआप आवरतं. जुने मानकरी सांगतात, काठी कलायच्या आधीच अंग बांधलेलं पाहिजे, सैल अंगानं धरशील तर जाईल. हे कशामुळे?


फिजिओ_सातरस्ता

तुमचे मानकरी फार खोल गोष्ट सांगताहेत. काठी कलली की तिला आवरणारे स्नायू अचानक ताणले जातात. मज्जारज्जूतून जाणारी प्रतिक्षिप्त क्रिया कितीही जलद म्हटली तरी पायाच्या स्नायूत ती सुरू व्हायला तीसेक ते चाळीसेक मिलिसेकंद लागतात, आणि त्यानंतर स्नायूत जोर चढायला आणखी वेळ जातो. मेंदूतून विचारपूर्वक यायचं तर त्याच्या कितीतरी पट. या मधल्या वेळात काठीला कोण आवरतं? स्नायू स्वतः. पण तो आधीच चेतलेला असेल तरच. चेतलेल्या स्नायूला ताणलं की त्याच क्षणी बल वाढतं, नसेच्या हुकमाची वाट न बघता. अगदी पहिल्या लहानशा ताणाला हा प्रतिकार मुख्यतः मायोसिनच्या धरलेल्या डोक्यांचा असतो. ताण वाढत गेला की डोकी सुटू लागतात, आणि कडक झालेलं टायटिन आपला वाटा उचलतं.

सैल स्नायूत यातलं काहीच नसतं. डोकी धरलेली नाहीत, स्प्रिंग मऊ. म्हणून 'अंग बांधलेलं पाहिजे'. सरावात उभं राहून काठी मुद्दाम थोडी कलती करायची, दोन्ही बाजूंना माणसं ठेवून, आणि ती सावकाश आवरत परत आणायची, हे तुम्ही करत असालच. ते सगळ्यात उपयोगी आहे.


पुण्यातला_सोलापूरकर

एक शेवटची शंका. उडी मारण्याआधी आपण झपकन खाली वाकतो आणि मग जास्त उंच जातो. तिथे टायटिनचं श्रेय किती? लोक कंडरांचं म्हणतात.


फिजिओ_सातरस्ता

उडीत कंडरांचा वाटा मोठाच आहे, टाचेवरची जाड कंडरा तर खास. खाली वाकताना स्नायूंना जोर चढायला मिळणारा जास्तीचा वेळ हेही मोठं कारण आहे. टायटिनचा वाटा त्यात असावा, पण उडीपुरता तो सुटा करून किती हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. तसंच सकाळी अंग ताणताना जो ताठरपणा लागतो त्यात पेशीबाहेरच्या कोलॅजेनच्या आवरणांचा वाटा बराच असतो. इलॅस्टिन हे आणखी वेगळं, ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीत आणि त्वचेत. ही तीन नावं लोक फार मिसळतात.


लाल_माती

सर, आज पोरांना बैठका सावकाश उतरायला लावल्या. कुरकुर झाली पण लावल्या. उद्या पाय धरून बसतील. किती दुखणं चालतं आणि कुठे थांबायचं, तेवढं सांगा. आणि काठीवाल्या पोरांपैकी दोघं आमच्याच तालमीतली हायेत, त्यांना यात्रेच्या तोंडावर हे करू द्यायचं का?


फिजिओ_सातरस्ता

वस्ताद, नव्यानं उतरता भार दिला की एक ते तीन दिवस दुखतंच. चालत तुळजापूरला जाऊन आल्यावर मांड्या धरतात तेच हे दुखणं. तेच काम आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा केलं की कितीतरी कमी दुखतं, कारण स्नायू पहिल्याच वेळी सावरून घेतो. १९९४ साली उतारावर पळवलेल्या उंदरांच्या मांडीच्या तंतूंत चढावर पळवलेल्यांपेक्षा जास्त सार्कोमियर एकापुढे एक जोडलेली आढळली, म्हणजे स्नायू लांबीनंही जुळवून घेतो. म्हणून पहिल्या आठवड्यात नेहमीच्या बैठकांच्या निम्म्याहून कमी आकडा, खाली जायला तीन-चार मोजण्याएवढा वेळ, आणि मध्ये दोन दिवस मोकळे.

दुखणं हात लावल्यावर किंवा जिना उतरताना असेल तर हरकत नाही. पाय सुजून टणक झाला, वाकवताच येईना, किंवा लघवी चहासारखी काळपट झाली, तर त्याच दिवशी दवाखाना. स्नायूतली प्रथिनं रक्तात उतरून मूत्रपिंडाला धोका होतो तेव्हा असं होतं, आणि आपल्या सोलापूरच्या उन्हात कमी पाणी पिऊन मेहनत केली तर ही वेळ लवकर येते. एप्रिल-मेमध्ये नव्या पोरांना असा भार पहाटेच द्या.

यात्रेचं: दिवाळीपासून सुरू केलं असेल तर चालू ठेवा. आत्तापर्यंत केलं नसेल तर संक्रांतीच्या आधीच्या दोन आठवड्यांत नवीन काही सुरू करू नका. न सवयीच्या उतरत्या मेहनतीनंतर ताकद काही दिवस खाली राहते, कधी आठवडाभर, आणि दुखणं थांबलं तरी ती पूर्ण आलेली असेलच असं नाही. त्या दोघांना तेवढ्या दिवसांत फक्त काठीचा सराव आणि नेहमीची हलकी मेहनत असू दे. यात्रा झाल्यावर माझ्याकडे पाठवा, मांडीचं वेळापत्रक बसवून देतो.